मेणबत्तीच्या उजेडातील चित्रपट

घरातील दिवे मालवायचे, भिंतीवर पांढरे कापड लावायचे आणि घरच्या माणसांनी दाटीवाटीने बसून चित्र हलताना पाहायचे, हा सोहळा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात आला, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या एका घरात मात्र तो १९११ च्या सुमारास रोज रात्री चालत असे. तिथे यंत्र होते खेळण्याएवढे, उजेड होता मेणबत्तीचा आणि प्रेक्षक होते बहुतेक वेळा एकच. चाळिशी ओलांडलेला, धंद्यातून बाहेर पडलेला, उत्पन्नाचे कोणतेही साधन हाती नसलेला तो गृहस्थ रात्रीचे चार-पाच तास तीच ती फिल्म पुन्हा पुन्हा पाहत बसे. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. पुढे दादासाहेब फाळके म्हणून साऱ्या देशाने त्याला ओळखले. भारतीय चित्रपटाचे जनक ही पदवी त्यांच्या नावामागे इतक्या सहजपणे लावली जाते, की त्या पदवीपूर्वी त्यांनी निव्वळ प्रेक्षक म्हणून केलेली तपश्चर्या आणि तिच्यापायी गमावलेली दृष्टी बहुधा विस्मरणात जाते.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. घरात पौरोहित्याची आणि शास्त्राध्ययनाची परंपरा असताना या मुलाचा ओढा रंग, कुंचला आणि सोंगे यांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला असे जे जे मिळेल ते शिकले. छायाचित्रणाचा नाद तिथेच लागला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या विद्यार्थ्याची बुद्धी ओळखून त्यांना रतलामला पाठविले. तीनरंगी ठसे आणि प्रकाशशिलामुद्रण ही त्या काळातील नवी विद्या त्यांनी तेथे आत्मसात केली. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. म्हणजे प्रेक्षकाने कोठे बसावे, त्याला काय आणि कसे दिसावे, हा विचार या माणसाच्या डोक्यात चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून घोळत होता.

१८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. हिंदुस्थानातील चित्रपटाचा इतिहास त्या संध्याकाळपासून सुरू होतो. फाळके त्या काळात गुजरातेत होते. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. खचलेल्या मनाने त्यांनी गोध्रा सोडले. एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोगही करू लागले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू गिरिजा करंदीकर, सासरचे नाव सरस्वती. या बाईंचा उल्लेख पुढे वारंवार करावा लागणार आहे. पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकाराची नोकरी फाळके यांनी १९०३ मध्ये धरली आणि १९०६ मध्ये सोडली. मग लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या मुद्रणासाठी लागणारे काम तिथे होत असे. छापखाना पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपाला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. तथापि भागीदारांशी बिनसले आणि भरात आलेला व्यवसाय सोडून ते बाहेर पडले. भांडून हक्क मागण्यापेक्षा उठून निघून जाणे हा त्यांचा स्वभाव होता. या स्वभावाची किंमत त्यांना आयुष्यात पुढेही मोजावी लागली.

अशा रिकामपणात, १९११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनासमोर गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. आपल्या देवदेवतांची चित्रे अशी हलताना कधी दिसतील, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ते पुन्हा त्या चित्रपटाला गेले, या वेळी सरस्वतीबाईंना घेऊन. या प्रसंगाची कथा पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगणारे बहुधा तेथून एकदम 'राजा हरिश्चंद्र'वर उडी घेतात. मधल्या वर्षात जे घडले ते मात्र अधिक विलक्षण आहे.

त्यानंतर सुमारे दोन महिने मुंबईत जिथे जिथे चित्रपट लागला होता, तिथे तिथे फाळके जाऊन बसले. करमणूक हा हेतू केव्हाच मागे पडला होता. दृश्य कोठे तुटते, कॅमेरा कोठे उभा असावा, माणूस एकाएकी नाहीसा होतो तो कसा, हे ते पाहत होते. जादूगाराला दुसऱ्याचा प्रयोग पाहताना हातचलाखी शोधण्याची जी सवय असते, ती येथे उपयोगी पडली. परंतु चित्रगृहात एक अडचण होती. तिथे चित्र थांबविता येत नाही, मागे नेता येत नाही. हवे ते दृश्य हवे तितक्या वेळा पाहायचे तर चित्रपट घरी आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून त्यांनी एक खेळण्यातले सिनेमायंत्र आणि फिल्मचे तुकडे विकत घेतले. परदेशांतून सूचिपत्रके आणि पुस्तके मागविली. रात्र झाली की मेणबत्ती पेटवायची, तिचा प्रकाश भिंगातून भिंतीवर पाडायचा आणि फिल्म सरकवीत राहायचे. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे बंदुकीच्या दारूची जवळची नातेवाईक. अशा फिल्मच्या निकट उघडी ज्योत ठेवून घरात तासन् तास बसणे हे आज वाचतानाही अंगावर काटा आणणारे आहे. मेणबत्तीच्या उजेडाने उमटणारे चित्र मंद आणि थरथरणारे असणार. त्यातील बारकावे टिपायचे तर डोळे ताणावेच लागत. हे काही एक-दोन रात्री चालले नाही, महिनोन् महिने चालले. दिवसा वाचन आणि खटपटी, रात्री चित्रे, आणि झोप जेमतेम तीन तास.

व्हायचे तेच झाले. डोळ्यांवरचा ताण, जागरणे आणि काळजी यांनी प्रकृती ढासळली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची लक्षणे दिसू लागली आणि विश्रांतीचा वैद्यकीय सल्ला धुडकावल्यामुळे एक दिवस दिसणेच बंद झाले. जो माणूस जगाला काही दाखविण्याच्या तयारीत होता, त्याच्यापुढे अंधार पसरला. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण ही त्यांची प्रत्येक विद्या डोळ्यांची होती. घरात लहान मुले, हाती पैसा नाही, आप्तेष्टांना हा सारा वेडाचा बाजार वाटत होता. सुदैवाने डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांना यश आले. तीन-चार निरनिराळे चष्मे वापरून दृष्टी हळूहळू परत आली आणि डोळे उघडताच फाळके पुन्हा त्याच कामाला लागले.

आता इंग्लंडला जाणे भाग होते. सुमारे बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकाने प्रथम त्यांना या नादी न लागण्याचा सल्ला दिला. तथापि पाहुण्याची तयारी पाहून त्याचे मत बदलले आणि त्याच्याच ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना आतून पाहता आला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिलला ते परतले. सारा प्रवास दोन महिन्यांचा. हे शिक्षण इतक्या अल्पकाळात उरकले याचे आश्चर्य व्यक्त केले जाते, पण खरे शिक्षण मुंबईच्या घरात मेणबत्तीपुढे आधीच झाले होते. लंडनमध्ये राहिली होती ती उजळणी.

दादरच्या ज्या मथुरा भवनात हे बिऱ्हाड होते, त्या रस्त्याला पुढे दादासाहेब फाळके यांचेच नाव देण्यात आले. यंत्रे आली आणि ते घरच कारखाना बनले. कच्च्या फिल्मला त्या काळी कडेची छिद्रे नसत, ती घरी पाडावी लागत. ही छिद्रे अचूक अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावरचे चित्र उड्या मारते. काम करायचे ते अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंदाजाने. ते सरस्वतीबाईंनी आपल्याकडे घेतले. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. फुटाला सोळा चित्रे आणि दर चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे, असा हिशेब मांडला तर एका प्रतीसाठी सुमारे पावणेपाच लाख छिद्रे होतात. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून, उन्हात प्रकाश परावर्तित करण्यासाठी चादर धरून उभ्या राहिल्यावर रात्री या बाई ते काम करीत. भारतीय चित्रपटाला जनक आहे हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या जननीचा उल्लेख श्रेयनामावलीत कोठेही नव्हता.

भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून फाळके यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि ठरावीक अंतराने चित्रे घेत महिनाभर त्या अंकुराची वाढ टिपली. जेमतेम मिनिटभराची ती फिल्म निवडक परिचितांना दाखविली. बी रुजते, कोंब वर येतो, वेल डोलू लागते हे डोळ्यांदेखत पाहून मंडळी थक्क झाली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. भारतीय कथाचित्रपटाला पहिला आर्थिक आधार मिळाला तो असा एका खासगी खेळामुळे.

पुढचा इतिहास परिचित आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके या आचाऱ्याला लुगडे नेसावे लागले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, तर रोहिताश्वाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपियामध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या आणि स्त्री मिळत नाही ही तक्रार निदान काही काळ मिटली. १९१७ च्या 'लंकादहन'ने तर गर्दीचे उच्चांक मोडले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. पडद्यावर प्रभू अवतरताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत आणि मद्रासेत तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगितले जाते.

हे यश शहरांपुरते राहिले नाही. फिरत्या तंबूंनी आणि बैलगाडीवर यंत्र लादून हिंडणाऱ्या मंडळींनी मूकपट गावोगाव नेले. जत्रा आणि आठवड्याचा बाजार ही त्यांची ठिकाणे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आज पाण्याच्या नियोजनासाठी साऱ्या देशाला ठाऊक आहे. अशा पर्जन्यछायेतील गावांना त्या काळी चित्रपट म्हणजे नगरची वाट धरणे, नाहीतर जत्रेतील तंबूची वाट पाहणे. फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांनी जो प्रेक्षक घडविला, त्याच्याच पुढल्या पिढीसमोर १९३२ मध्ये 'श्यामसुंदर'मधून एक बाळकृष्ण बोलू आणि गाऊ लागला. तो मुलगा, शाहू मोडक, नगरचाच. ख्रिस्ती कुटुंबात जन्मून त्याने आयुष्यभर पडद्यावर कृष्ण साकारला. फाळके यांना ख्रिस्ताच्या चित्रपटात कृष्ण दिसला होता, हे लक्षात घेतले तर हा योगायोग मोठा गमतीचा वाटतो.

१९१८ मध्ये काही धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' या दोन चित्रपटांनी तिला भरभराट दिली. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळके यांची छोटी कन्या मंदाकिनी. पण लक्ष्मी आर्ट प्रिंटिंगमध्ये जे घडले होते तेच येथेही घडले. खर्चाच्या आणि कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी खटके उडाले आणि फाळके सारे टाकून काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. मग मनधरणी झाली, ते परतले, कंपनीसाठी आणखी चित्रपट केले. परंतु पूर्वीचा उत्साह आटला होता. भागीदारांना दोष देणे सोपे आहे, पण हिशेबाच्या वहीकडे पाठ फिरविण्याची सवय फाळके यांनाही होती, हे मान्य करायला हवे. मेणबत्तीपुढे तहानभूक विसरून बसणारा माणूस आणि ताळेबंदापुढे बसून राहणारा माणूस एकाच देहात क्वचितच नांदतात.

'सेतुबंधन' पुरा होईस्तोवर बोलपट आला होता. मुका म्हणून तयार झालेल्या त्या चित्रपटाला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा झाला, तेव्हा हा उद्योग जन्माला घालणारा माणूस नाशिकमध्ये विपन्नावस्थेत होता. व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने काही निधी जमला आणि त्यातून त्यांच्या निवाऱ्याची सोय झाली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला.

फाळके यांच्या रात्रींना जे साधन अपुरे पडले, ते युरोप-अमेरिकेतील श्रीमंत घरांत लौकरच सुधारून पोचले. घरगुती वापरासाठी न पेटणारी फिल्म आणि हाताने फिरवायचे यंत्र पाथे कंपनीने १९१२ च्या सुमारास बाजारात आणले. १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरची 'पाथे बेबी' आली, १९२३ मध्ये कोडॅकने सोळा मिलिमीटरची फिल्म आणली. आपल्याकडे ही चैन संस्थानिकांना आणि धनिकांनाच परवडे. सामान्य मराठी घरात चित्रपट शिरला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर. आठवड्याच्या अखेरीस चित्रपट लागला की साऱ्या चाळीची मुले एका दिवाणखान्यात मावत आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडे. ऐंशीच्या दशकात भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभरात तीन-तीन चित्रपट पाहण्याची टूम निघाली. आवडते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय तेव्हा प्रथमच सर्वांच्या हाती आली. ज्या सोयीसाठी फाळके यांनी डोळे पणाला लावले होते, ती एका बटणावर आली होती.

मात्र फाळके यांचे स्वतःचे चित्रपट पाहायचे म्हटले तर फारसे उरलेले नाही. ज्वालाग्राही फिल्म काही जळली, काही कुजली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा फाळके यांना जाऊन वीस वर्षे लोटली होती. तेथील पी. के. नायर यांनी मिळतील तेथून अवशेष गोळा केले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि चौथी रिळे मिळाली. ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्ण जन्म' यांचे तुकडे आहेत. बऱ्यापैकी सलग वाचला तो 'कालिया मर्दन'.

हे अवशेष आता इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात, नाशिकमध्ये तसेच हिवरे बाजारमध्येही, हातातील फोनवर. 'कालिया मर्दन'च्या आरंभीच मंदाकिनीचा चेहरा पडदाभर येतो. ती हसते, रुसते, रागावते, रडवेली होते. कथेला सुरुवात होण्यापूर्वी आपली मुलगी काय काय करू शकते हे एक बाप प्रेक्षकांना दाखवून घेतो. मग तोच चेहरा हळूहळू विरत जातो आणि त्याच्या जागी मुकुट घातलेला बाळकृष्ण दिसू लागतो.